दोरीबाहेरून पाहिलेली कवायत

नाशिकहून निघताना सुनेने गुडघ्याचा पट्टा बॅगेत ठेवला होता. घोड्यावर बसायला निघालेल्या बाईला पट्टा शोभत नाही, असं म्हणून मी तो हळूच काढून कपाटात टाकला. पुढच्या तीन दिवसांत त्या पट्ट्याची मला फार आठवण झाली.

म्हसवडजवळच्या एका गावात मी शाळेत शिकवत होते, तेव्हापासून तिथे बायकांचं एक घोडेस्वार पथक आहे. गावातल्या विमलकाकूंचे यजमान रिसालदार (घोडदळातले अधिकारी) म्हणून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी आधी बायकोला, मग गावातल्या हौशी बायकांना घोड्यावर बसवलं. कुणी बागायतदाराची सून, कुणी मेंढपाळाच्या घरची, एक अंगणवाडीची सेविका आणि एक मी. घोड्याही घरच्याच. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणाऱ्या दोन होत्या, बाकी काकूंच्या तबेल्यातल्या. शिट्टीच्या इशाऱ्यावर कवायत करायची, वर्षातून एखाद्या जत्रेत दाखवायची, नारळ घ्यायचा आणि घरी यायचं. रिसालदार गेल्यावर शिट्टी काकूंच्या गळ्यात आली. आम्ही आठ जणी, चार जोड्या. माझी जोडी हिराची. हिरा धनगराची लेक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कितीतरी वर्षं तिच्या पायाखालची रिकीब माझ्या रिकिबीला घासत आली. मग मी निवृत्त झाले, मुलाकडे नाशिकला गेले आणि ते सगळं सुटलं.

या वर्षी काकूंचा फोन आला. "पलूसकडच्या जत्रंत खेळ हाय औंदा. तू ये. तुझी जागा तशीच हाय."

या शेवटच्या वाक्याने मी घरात दोन दिवस गाणी गुणगुणत होते. मुलगा म्हणाला, आईला काहीतरी झालंय. झालंच होतं.

काकूंनी वाटेत एक काम सांगितलं होतं, म्हणून पुण्याहून वाईची एसटी धरली. वाईत घाटाजवळच्या एका दुकानातून पथकाचे फेटे घ्यायचे होते. कृष्णेला पाणी बेताचं होतं, घाटावर दोन भटजी पाय सोडून गप्पा मारत बसले होते. दुकानदाराने केशरी कापडाची चळत पुढे सरकवली आणि म्हणाला, "दरसाल सातच असत्यात. औंदा एक जादा सांगितलाय."

तो जादा फेटा माझा, हे मला कळलं. दुकानदाराला मी उगीचच दोनदा धन्यवाद दिले.

सातारा सोडून गाडी पूर्वेला वळली की देश बदलतो. ऊस हळूहळू मागे पडतो, विहिरी खोल जातात, डोंगर बोडके होतात आणि त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. बाहेरच्या माणसाला हे रखरखीत वाटेल. मला मात्र त्या बाभळी पाहून माहेरी आल्यासारखं झालं. म्हसवडला सिद्धनाथाला हात जोडले आणि रिक्षाने गावात पोचले. काकू दारातच उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. "वाळलीस की," एवढंच म्हणाल्या आणि पुढ्यात माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम, पातळ पेज) ठेवलं. सोबत बाजरीची भाकरी आणि मिरचीचा खरडा. नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर सराव होता. हिरा तिच्या घोडीवरून आली, उतरली, माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी तिला वरच्या वर धरलं.

"बाई, तुमी आलात. लय बरं झालं," ती म्हणाली.

काकूंनी मला राणी नावाची शहाणी घोडी दिली. चढायला एक दगड लागला, पण एकदा खोगिरात बसल्यावर पाठीला सगळं आठवलं. शिट्टी झाली. आम्ही दोन-दोनच्या रांगेत आत शिरलो, डाव्या-उजव्या बाजूला फुटलो. दुडकी चाल, मऊ माती, पुढच्या घोडीच्या शेपटीचा वास. मला रडू फुटायचं बाकी होतं. पुढची शिट्टी झाली आणि मी सवयीने मध्यावर वळले, हिराच्या गुडघ्याला गुडघा लावायला.

हिरा तिथे नव्हतीच. म्हणजे होती, पण आपल्या घोडीला जागच्या जागी लहान घेऱ्यात फिरवत होती, एकटीच. राणी बिचकली, बाजूला सरली आणि मी तिच्या पोटावरून घसरत मातीत येऊन बसले. लागलं काही नाही. अब्रू तेवढी गेली.

मग उलगडा झाला. मी गेल्यावर सात जणी उरल्या, हिराला जोडी राहिली नाही. म्हणून काकूंनी कवायतच बदलली होती. सहा जणी बाहेरून फिरतात आणि बिनजोडीची हिरा मधे. मी मात्र जुनी कवायत करत होते, जी आता कुणीच करत नव्हतं.

काकू खोगिरातून म्हणाल्या, "ती चुकली न्हाई. तिला जुनी येती. आपुन समद्या जुनी करू."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. हिरा लगामाशी चाळा करत म्हणाली, "चालतंय की. माझी जोडी आली."

दोन दिवस आम्ही जुनी कवायत घोकली. नवीन शिकणं सोपं असतं, विसरणं महाकठीण. दर फेरीत कुणीतरी चुकायची आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. इतक्या बायकांनी माझ्यासाठी आपली सवय मोडावी, याचा मला मनातून आनंदच होत होता. हिरा तेवढी गप्प होती. थकली असेल, असं मी धरून चालले.

खेळाच्या दिवशी घोड्या दोन टेंपोंत चढवल्या आणि आम्ही मागून जीपमधून निघालो. विट्याच्या पुढे रान हिरवं व्हायला लागलं. पलूसकडे तर दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षांच्या बागा. काकूंचं माहेर याच बाजूचं. "हितं पाण्याला किंमत न्हाई बघ," त्या दरवेळी म्हणतात तसं म्हणाल्या. जत्रेच्या मैदानाला दोरी बांधली होती. पाळण्याच्या शेजारी घोड्या उतरवल्या, काकूंनी प्रत्येकीला फेटा बांधला. माझा बांधताना त्यांचा हात जरा जास्त वेळ रेंगाळला.

राणीला पाणी पाजायला नेलं, तर दोरीशी एक आडदांड जवान उभा. कधी इकडून, कधी तिकडून मैदानाकडे पाहत होता. मला ओळखून पुढे आला. हिराचा सागर. माझ्या वर्गात होता, बाराखडी येत नव्हती म्हणून मी त्याचे कान पिळले होते.

"सुट्टी काढून आलोय, बाई. भरती झाल्यापास्नं आईचा खेळ बघायला मिळाला न्हाई. फोनवर सांगत असती, मी मधी एकटी असते, समद्या माझ्याभवती फिरत्यात. हितनं मधलं नीट दिसंल का?"

जुन्या कवायतीत मधे एकटं कुणीच नसतं, तरी मी "दिसेल" म्हणाले आणि राणीला ओढत परत आले. खोटं कशाला सांगू, आधी मला रागच आला. हिराने बोलायला काय झालं होतं? मी एवढा प्रवास करून आले, पडले, सगळं अंग ठणकत होतं, आणि आता हे. मग हिरा दिसली. घोडीच्या कपाळावरचे केस विंचरत होती आणि लेक कुठे उभा आहे, हे पुन्हा पुन्हा मान वळवून पाहत होती. माझा राग तिथेच विरला.

मी काकूंना गाठलं. "काकू, मी बसत नाही. सातचीच करा."

"दोन दिस पोरी तुझ्यापायी जुनी घोकत्यात."

"नवी त्यांना झोपेतही येते. आणि माझा गुडघा खरंच दुखतोय."

"गुडघ्याचं मला सांगू नगंस." काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग हिराकडे, मग दोरीपलीकडच्या सागरकडे. "व्हय का," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग तू काय करणार?"

"बघणार."

मी सागरच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फेटा डोक्यावरच होता. हलगी वाजायला लागली आणि काकू पुढे, मागे सहा जणी अशा आत आल्या. कवायतीत मी इतकी वर्षं घालवली, पण ती कशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. आतून दिसतात ते आपल्या घोडीचे दोन कान आणि शेजारणीचा गुडघा. बाहेरून पाहिलं, तर सहा घोड्यांची दोन रिंगणं एकमेकांतून उलट्या दिशांनी निघत होती, गोफ विणावा तशी. आणि मधे हिरा, जेमतेम घोडीएवढ्या जागेत, लगाम एका हातात, मान वर, संथ फिरत होती. रिंगणं रुंदावत गेली, समोर वाट मोकळी झाली आणि ती त्या वाटेने चौखूर पुढे येऊन मुजऱ्याला थांबली. शेजारी सागर शिट्ट्या मारत होता. मी रडत होते. माझ्या जाण्याने एवढं देखणं काही झालं होतं, याचं दुःख करावं की कौतुक, मला कळेना.

खेळ संपल्यावर टेंपोच्या सावलीत सगळ्या शेंगा खात बसल्या. मोबाइल फिरत होते. पण ज्याच्या घरची बाई, त्याच्या मोबाइलात तीच. अख्खी कवायत एकातही नव्हती.

"बाई, तुमी तर समदं बघितलं," हिरा म्हणाली. "कसं दिसतंय? आमी कवा बघितलंच न्हाई."

मी टॉवेल पसरला आणि सात शेंगा मांडल्या. ही काकू, ही रखमा, ही हिरा. शेंगा फिरवत एकेक वळण सांगत गेले आणि त्या पोरींसारख्या ऐकत बसल्या. मधेच रखमाने चुकून स्वतःलाच सोलून खाल्लं, तेव्हा दुसरी शेंग घ्यावी लागली.

काकूंनी विचारलं, "मी पुढं असते. माझ्या मागं रांग सरळ असती का गं?"

"दुसऱ्या वळणाला वाकडी होते."

"मला वाटलंच हुतं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

हिरा शेवटी बोलली. "आन् मी?"

तिला मी जे पाहिलं ते सांगितलं. तिने परत विचारलं. परत सांगितलं. मग ती मातीकडे पाहत म्हणाली, "तुमी गेल्यावर पयल्या साली मधी एकटी फिरताना लय रडले, बाई. शेजारी तुमीच हाय असं वाटायचं. मग कवा ग्वाड लागलं, कळलंच न्हाई. तुमाला कसं सांगू?"

"सांगितलंस की," मी म्हणाले आणि तिचा हात धरून बसले.

परतीला कराडहून पुण्याची गाडी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. गुडघा सुजला होता आणि सुनेला काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालली होती. माझी जागा आता उरली नाही, याचं वाईट वाटत होतं. ते साताऱ्यापर्यंत वाटलं, पुढेही वाटत राहिलं. इतकी वर्षं नाशिकच्या गॅलरीत बसून मी ज्या कवायतीसाठी झुरत होते, ती मी कधी धड पाहिलीही नव्हती. आता आठवेल तेव्हा ती सगळीच्या सगळी आठवेल. फक्त तिच्यात मी नसेन.