पानकाच्या पातेल्यापाशी

जयनगरच्या खंडोजीरावांना मधमाशी कधी चावली नव्हती, तरी साठ वर्षं ते तिला भीत आले होते. बोम्मसंद्रातल्या कारखान्यात संपवाल्यांसमोर छाती काढून उभा राहिलेला हा माणूस घरात गुणगुण ऐकली की न्हाणीघरात शिरून कडी लावी.

मागच्या रामनवमीला अपार्टमेंटच्या आवारात पानक, म्हणजे गुळाचं गार सरबत, वाटताना वासाने मधमाश्या आल्या. लोकांनी पदर, टॉवेल फडकवले आणि चारपाच जणांना प्रसादाबरोबर डंखही मिळाला. खंडोजीराव मात्र पळी धरून निश्चल. माशी नाकावरून फिरून गेली तरी हलले नाहीत. हलणार कसे? पायांतलं बळच गेलं होतं.

"अण्णा, काय हो धीर तुमचा!" शेजारची पवित्रा म्हणाली.

"धीर कसला, मी घाबरून..."

"बघा! वर विनय केवढा!"

अण्णांना माशी डसतच नाही असं सगळ्यांनी ठरवलं आणि पुढच्या वर्षीचं पातेलं एकमताने त्यांच्याकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेला मान, नाही म्हणवेना. रामनवमी जवळ आली तेव्हा त्यांनी बायकोला, चंद्राबाईंना, खरं सांगितलं.

"ते मला लग्नापासून ठाऊक आहे," म्हणत चंद्राबाईंनी गॅलरीत बशीभर गुळपाणी ठेवलं आणि शेजारी त्यांना बसवलं. "स्वल्प बसा. हात झटकू नका. ती गुळाला येते. तुमच्यात गोड काय आहे?"

पहिले काही दिवस ते डोळे मिटून बसले. मग एक डोळा उघडला. माशी काठावर बसून पाणी पीत होती. पुढच्या पायांनी तोंड पुसून ती उडून गेली. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही. खंडोजीरावांना हायसं वाटलं, आणि थोडा अपमानही.

रामनवमीला ते खरोखरच निर्धास्त उभे होते. चारचौघं बघत असली की माणसाला ऐट येतेच. पळीवरची माशी त्यांनी, जणू घरचीच, अशी हाताने बाजूला सारली. ती उजव्या हाताच्या बोटाला डसली.

कळ सणकन कोपरापर्यंत गेली आणि ओसरली. 'इतकंच?' साठ वर्षं कडी लावून बसलो ते एवढ्यासाठी?

प्रसाद डाव्या हाताने वाढता येत नाही. सुजत चाललेल्या बोटानेच ते वाढत राहिले. गर्दी पांगल्यावर चंद्राबाईंनी नखाने काटा खरवडून काढला.

"चावली ना? सांगू का पवित्राला?"

"हळू बोल," खंडोजीराव कुजबुजले. "पुढच्या वर्षीचं पातेलं जाईल."