पाणी बघणारं घर

मी नदीतून वर आलो, फळी काठावर ठेवली, आणि पाटलांच्या गड्यानं तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. माझ्या पायानं फळी बाटली होती म्हणून.

पाणी कुठलं? त्याच पंचगंगेतलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तांब्या बुडवला, मी जिथनं वर आलो तिथनं हातभर अंतरावर. इतका वेळ ती फळी नदीतच होती की. तेवढ्यानं शुद्ध झाली नाही, तांब्याभरानं झाली. मग गड्यानं तेलात कालवलेली हळद फळीला चोळली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काठावर सगळं गाव उभं. शिवाजी पेठेतल्या एका तालमीची माणसंसुद्धा बघायला आलती. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. हे सांगताना आज मला माझीच लाज वाटते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरपासून दोन कोसांवर आमचा बंधारा. दगडी खांब, खांबांमध्ये गाळे, गाळ्यांत लाकडी फळ्या बसवून पाणी अडवायचं. या फळ्यांना आमच्याकडं बरगे म्हणतात. पावसाच्या आधी बरगे काढून घ्यायचे. मी त्या कामाला रोजंदारीवर होतो. तिकडं गगनबावड्याला पाऊस कोसळला की आमच्या गाळ्यांतून पाणी असं उसळायचं की खालच्या अंगाला एक लाट उभीच राहायची. पुढं जाणार नाही, मागं येणार नाही, जागच्या जागी. डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीसारखी दिसायची, म्हणून आम्ही तिला म्हैस म्हणायचो. जुना बरगा घ्यायचा, खांबाला बांधलेला दोर धरायचा, बंधाऱ्याकडं तोंड करून बरग्यावर उभं राहायचं. तोल सापडला की दोर सोडायचा. पाणी पायाखालनं पळत असतं आणि आपण तिथंच. त्यातलं सुख सांगून कळायचं नाही. त्या लाटेवर मला कुणाचा बाप दिसत नव्हता.

आखाडात याची शर्यत व्हायची. कोण किती वेळ म्हशीवर टिकतो, ते काठावरची माणसं आकडे मोजून ठरवायची. पण शर्यतीआधी आमच्या घरातल्या माणसानं पाण्यात उतरायचं, अशी रीत. गाव त्याला 'पाणी बघणं' म्हणायचं. कुठल्या गाळ्याखाली भोवरा आहे, कुठं ओंडका अडकलाय, ते आपल्या अंगानं बघायचं. वर येऊन सांगायचं. मग गावची पोरं उतरणार. आज्यानं बघितलं, बानं बघितलं, मग मी. मान म्हणायचे त्याला. आम्ही बौद्ध झालतो, तरी गावाच्या तोंडात आमचं जुनंच नाव आणि गळ्यात हा मान. माझा चुलता पाणी बघताना तिसऱ्या गाळ्याखाली गेला, तो वर आलाच नाही. तिसरा गाळा वाईट, एवढं गावाला कळलं. शर्यत पाचव्या गाळ्याखाली घेतली. त्याच दिवशी.

तर फळीला तेल चोळत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "पाटील, तेलानं पाय सरकंल."

पाटील म्हणाले, "तू शिकीवणार आमाला?"

पाटलांचं पोरगं, धाकटे पाटील, फळीवर चढले. मी पाणी बघताना लोकांनी गंमत म्हणून मोजलं होतं, आकडा शंभरावर गेलता. धाकट्यांनी दोर सोडला आणि बाराच्या आकड्याला पाय सरकून पालथे झाले. भोवऱ्याकडं ओढले जायला लागले. तालमीतले पैलवान काठावर खांबासारखे उभे. उडी कुणी टाकली? मीच. दंडाला धरून ओढत आणलं. वर आल्यावर माझा हात लागला म्हणून धाकट्यांना आंघोळ घातली, आणि फळीला माझा पाय लागला म्हणून ते पडले, असं ठरवून पाटलांनी ओल्या दोरानं माझ्या पाठीवर दोन ओढले. चारचौघांत.

पेठेतले एक मास्तर शर्यतीचे आकडे लिहायला वही घेऊन बसलते. त्यांनी साधेपणानं विचारलं, "पाटील, तो शंभरवाला कोण? नाव काय लिहू त्याचं?"

"त्याचं कशाला? त्यो शर्यतीत न्हाय. त्यानं पाणी बघितलं निस्तं."

मास्तरांनी मान हलवली आणि वहीचं पान उलटलं. पाठीवरचे वळ आठवड्यात गेले. ते पान उलटलेलं मात्र माझ्या डोक्यातून हललं नाही. वर्षभर बरगे उचलताना तेच दिसायचं, आणि टाळकं फिरायचं.

पुढच्या आखाडात पाटलांचा सांगावा आला. बा म्हणाला, "जा बाबा. मान हाय आपला."

मी म्हटलं, "कसला मान? चुलता गेला तवा गावानं सुतक पाळलं व्हय?"

मी नदीवर गेलो, पण माझा स्वतःचा घासलेला बरगा घेऊन, आणि शर्यतीतल्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

पाटील म्हणाले, "हितं काय करतोस? पाणी बघ जा."

"बघणार न्हाय. शर्यतीत उतरणार. माझा नंबर आला की उतरतो."

"रीत हाय ती."

"रीत तुमची. जीव माझा."

पाटलांनी मला रांगेतनं ढकललं, मी परत येऊन उभा राहिलो. शिव्या झाल्या, आईबहिणीवरनं झाल्या. मी हललो नाही. मग पाटलांनी रांगेकडं बघितलं. वीसभर गडी, दूध-तुपावर पोसलेले. पहिला कोण उतरणार? एकानं लंगोट घट्ट केला. दुसऱ्यानं आभाळाकडं बघितलं. धाकटे पाटील पायानं चिखल उकरत होते. दुपार कलली, म्हैस आपली उभीच, आणि एकही माई का लाल पाण्यात गेला नाही. ही यांची मर्दुमकी. आमच्या मढ्यावर पाय ठेवून पोहणारी जात.

त्या साली शर्यत झाली नाही. माझं बंधाऱ्यावरचं काम सुटलं. दुकानदार बाला मीठ देईना, गिरणीत आमचं दळण घेईनात. तिसऱ्या दिवशी पाटलांचा तोच गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन लांबूनच बोलला, "पाटील म्हणत्यात, नाव लिवतो तुझं वहीत. फकस्त आधी पाणी बघ."

बा माझ्याकडं बघत होता. आई चुलीपुढनं उठून दारात आली.

मी म्हटलं, "पाटलांना सांग, आधी तुमचं पोरगं उतरू दे. ते वर आलं, तर मग बघतो मी, तुमच्या वहीत नाव द्यायचं का न्हाय ते."

गडी गेला. मी बाला सांगितलं, आईला सांगितलं, पुढं माझ्या लेकरांनाही हेच सांगितलं. या घरातनं कुणी दुसऱ्याच्या पोराआधी पाण्यात उतरायचं नाही. बुडायचंच असलं, तर आपल्या हौसेनं बुडू.