मराठी कळणारं पाणमांजर

डॉक्टर अक्का माणसांशी तमिळमध्ये बोलायच्या, साहेबलोकांशी इंग्रजीत भांडायच्या आणि मराठी फक्त जनावरांसाठी राखून ठेवायच्या. सुई टोचताना, जखम धुताना त्यांचं आपलं अखंड चालू असायचं, "सोसून घे गे माझे बाई, झालंच आतां." पशुवैद्य म्हणून सरकारी नोकरीत उभा जन्म काढलेली बाई. पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तंजावरला आले आणि तिथलेच झाले. मी साताऱ्याचा, नोकरीपायी चेन्नईत येऊन पडलेला. पहिल्याच भेटीत माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुझं मराठी टीव्हींतलं रे. बातम्या सांगालास असं वाटतं." त्यांचं मराठी एखाद्या बखरीतून उठून आलेलं, आणि वर चाल पक्की तमिळ!

अण्णा नगरात त्यांचा फ्लॅट होता. यजमान गेले तेव्हापासून त्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी परदेशात, नातू फोनवर इंग्रजी सोडून दुसरं बोलायचा नाही. मी रविवारी गेलो की मला समोर बसवून घ्यायच्या, काहीतरी बोल म्हणायच्या आणि मी बोललो की चुका काढायच्या. वैताग यायचा, खोटं कशाला सांगू. पण निघताना जिन्यापर्यंत पोचवायला यायच्या आणि तिथं उभं राहून आणखी अर्धा तास बोलायच्या, तेव्हा माझा पाय निघायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पाणमांजरांचं काम अंगावर घेतलं. चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या पलीकडं एक मोठं तळं आहे. तिथली पाणमांजरं आधी कातड्यासाठी मारली गेली, मग पाणी नासलं, मासे मेले, आणि उरलीसुरली होती तीही संपली. पुढं पाणी सुधारलं, मासे परतले, पण पाणमांजरं कुठून येणार? एका छोट्या संस्थेनं ती लांबच्या नदीवरून आणून, काठावरच्या कुंपणात रुळवून, परत तळ्यात सोडायचं ठरवलं. अक्का तिथल्या डॉक्टर, आणि मी सामानसुमान, गाड्या, परवानग्या बघणारा. लहानपणी तंजावरच्या कालव्यात त्यांनी पाणमांजरांचं अख्खं बिऱ्हाड पोहताना पाहिलं होतं. मरण्याआधी तसं एकदा पुन्हा बघायचंय, असं त्या मला वरचेवर सांगायच्या.

कुंपणात हूं की चूं करायचं नाही, हा नियम अक्कांनीच घातलेला. अंगावर मातकट झगा, तोंड झाकलेलं, आणि मासे पाइपातून आत सोडायचे. माणसाला भ्यायलं नाही ते जनावर बाहेर जगत नाही, एवढं साधं गणित. एक रखवालदार पाणी भरताना सिनेमाचं गाणं गुणगुणला, तर अक्कांनी त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. गयावया करत होता बिचारा, पण ऐकतील त्या अक्का कसल्या!

आणि मग एक मादी मेली, तिचं पिल्लू आईविना राहिलं. मासा तोंडाशी नेला तरी मान फिरवायचं. सगळ्यांनी आशा सोडली, अक्कांनी नाही. एकदा दुपारी मी औषधं घेऊन गेलो, तर या झगा काढून जाळीला टेकून बसलेल्या, हातात मासा आणि तोंडानं चाललंय, "खा गे सोने, एक घास. माझी शपथ आहे तुला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर बोलावून त्यांना चांगलंच सुनावलं. तो रखवालदार काय पाप करून गेला होता, असंही विचारलं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "तो तमिळ गात होता. तमिळ ऐकल्यावर तिनं पळायलाच पाहिजे. मराठी ऐकून काय होणार? त्या तळ्यावर मराठी बोलणारं कोण येतंय, सांग."

हे त्यांचं नुसतं निमित्त नव्हतं, त्यांचा खरोखर विश्वास होता. तंजावरच्या या मराठी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती. बसमध्ये शेजारच्याची उणीदुणी त्याच्या देखत मराठीत काढायची, बाजारात दुकानदारापुढंच भाव पाडायचं ठरवायचं, कुणाला काही कळत नाही. मराठी म्हणजे आतून कडी लावलेली खोली. तिथं बोललेलं बाहेर जाईल हे त्यांच्या मनातच येत नसे. पिल्लू खाऊ लागलं आणि मीही तक्रार सोडली. बाकीच्यांबरोबर त्यालाही सोडलं, तेव्हा अक्का काठावर उभ्या राहून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

काही महिन्यांनी एक मच्छीमार पोतं घेऊन आला. घाबरलेला होता, हात जोडूनच उभा राहिला. होडीत तो आणि त्याचा भाऊ आपसात बोलत बसले होते, तर पोत्यातलं हे जनावर सरळ पोहत आलं आणि पुढचे पंजे होडीच्या काठावर ठेवून वर बघत राहिलं. पिसाळलंय, चावणार, असं वाटून भावानं वल्हं हाणलं. "पहिला फटका बसला तरी गेलं नाही अम्मा," तो म्हणाला. "परत जवळच आलं."

शवविच्छेदन अक्कांनीच केलं. जनावराला हात लावला आणि तोंडातून शब्द नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. हात धुताना तमिळमध्ये म्हणाल्या, "त्यांना भाषा कुठली कळायला? त्यांना माणूस कळतो." मग तळ्याकाठच्या गावात दारोदार जाऊन, ते जनावर पिसाळलेलं नव्हतं, त्याला मी बिघडवलं, असं सांगत फिरल्या. त्या कबुलीपायी काम बंद पडता पडता राहिलं.

त्या दिवसापासून अक्कांनी मराठी सोडलं, अगदी माझ्याशीसुद्धा. मी मराठीत विचारायचो, उत्तर तमिळमध्ये यायचं. एकदा चिडून म्हणालो, अहो, यात मला कसली शिक्षा? तर म्हणाल्या, जिभेवर आलं की मायाही येते, ती मला आता परवडत नाही. रविवारी मी जात राहिलो, पण ते घर मला खायला उठायचं.

पुढच्या खेपेच्या पाणमांजरांना अक्कांनी भीती शिकवली. कुंपणाजवळ कुणीतरी मुद्दाम बोलायचं आणि लगेच पत्र्याचे डबे बडवायचे, रोज, महिनोन्‌महिने. तोवर त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. सोडण्याआधीची परीक्षा मात्र मीच घेणार म्हणाल्या. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून जाळीपाशी नेलं. डबे नव्हते, झगा नव्हता. अक्कांनी जाळीला हात लावला आणि कधीपासून न ऐकलेलं ते मराठी माझ्या कानावर आलं.

"या गे माझ्या सोन्यांनो. इकडं या. मी आलें आहे."

आवाज फुटायचा अवकाश, पाण्यात एकच धांदल उडाली. सगळी पलीकडच्या कोपऱ्यात, बिळात. अक्का बोलतच राहिल्या, लाडानं, आर्जवानं, घसा सुकेपर्यंत. एकानंही डोकं वर काढलं नाही. मला तिथं उभं राहवेना. डोळे पुसून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "सोडा त्यांना."

पाऊस लागायच्या आत अक्का गेल्या. मी अजून त्या तळ्यावर जातो. काठाच्या चिखलात पंजे उमटलेले असतात, माशांचे खवले पडलेले असतात, यंदा तर पिल्लांच्याही खुणा आहेत. पाणमांजर मात्र मला आजवर एकदाही दिसलेलं नाही.