भावाच्या पाटीवरची पट्टी

मोठ्या स्टेडियमवर तिला सगळे पट्टीताई म्हणतात. देशोदेशीचे संघ खेळायला आले की हिचं काम सुरू. ज्या कंपन्यांनी स्पर्धेला पैसा दिला त्यांचीच नावं दिसली पाहिजेत, बाकीची चिकटपट्टीनं झाकायची. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय! मग नळ, पंखे, हात वाळवायची यंत्रं, एवढंच काय, संडासातली भांडीसुद्धा हिच्या हातून निनावी होतात.

पण झाकावं तर तिनंच. रंगाला रंग अस्सा जुळवते की खाली काही होतं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पट्टी आधी काचेवर कापायची, तळहाताची ऊब द्यायची, मग मधून कडेकडे दाबत न्यायची. ब्लेड मूळ वस्तूला लावायचं नाही म्हणजे नाही. एकदा तंद्रीत तिनं घरच्या फ्रिजचंही नाव झाकून टाकलं. "माझ्या कपाळावर काही छापलेलं नाही म्हणून वाचलो," असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

यंदा मात्र काम घरावरच आलं. स्टेडियमच्या फाटकासमोर तिच्या धाकट्या भावाचं सरबताचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी थंड पेयांच्या एका कंपनीनं तिथं फुकट पाटी लावून दिली होती. कंपनीचं नाव हे भलंमोठं, लालभडक. वडिलांचं खाली कोपऱ्यात, बोटभर अक्षरांत. आता स्पर्धेला पैसा दिला होता दुसऱ्याच कंपनीनं, आणि नियम फाटकासमोरच्या दुकानांनाही लागू होता. तिच्या साहेबांनी बजावलं, "अख्खी पाटी झाका, नाहीतर स्पर्धा संपेपर्यंत दुकान बंद."

भाऊ भडकला. "वडिलांची पाटी आहे ती, ताई. हात लावलास तर पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस."

"आणि दुकान बंद पडलं तर?"

"पडू दे!"

हट्ट त्या घरात पिढीजात. एवढी गर्दी पुन्हा दारात यायची नाही हे काय त्याला कळत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी ती शिडी घेऊन आलीच. भाऊ पाठ फिरवून ग्लास विसळत बसला. तिनं पाटीच्याच पांढऱ्या रंगाच्या पट्टीनं लाल नाव तेवढं झाकलं. वडिलांच्या अक्षरांभोवती पट्टी अशी वळवली की काना-मात्रेलासुद्धा धक्का लागला नाही. साहेब ऐकतील याची तिला खात्री नव्हती; नोकरी जायची भीती होतीच.

साहेब आले, डोळे बारीक करून म्हणाले, "हे कोण राहिले?"

"आमचे वडील, साहेब. ही कंपनी नाही."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले. मला विचाराल तर त्या वेळी शिडीवर ताठ उभ्या असलेल्या या बाईला नमस्कारच करावा.

भाऊ मात्र स्पर्धाभर तिच्याशी बोलला नाही. गिऱ्हाइकं पाटी वाचून त्याला वडिलांच्या नावानं हाका मारत होती आणि तो ओ देत होता.

स्पर्धा संपली. ती पट्टी काढायला आली, शिडी टेकवली, तेवढ्यात तो बाहेर आला.

"काढू नकोस."

"अरे, उन्हात टिकायची नाही ही. महिन्या-दोन महिन्यांत सुटेल."

तो हातातला कोरडा ग्लास उगाच पुसत राहिला.

"मग तेव्हा ये ना, ताई. नवी लाव."