पिंपाला चढत नाही

पिंपाला पिंप म्हणत ते काही पोटावरून नव्हे. अंगाने गडी काटक होता. त्याच्यात कितीही ओतलं तरी बाहेर काही दिसत नसे, म्हणून पिंप. अवजड मशिनं एका कारखान्यातून काढून दुसऱ्यात बसवणाऱ्या टोळीचा तो मुकादम. पहारी, जॅक, लोखंडी रूळ आणि सहा माणसं, एवढ्या जोरावर त्याने हत्तीएवढी धुडं अरुंद दारांतून आत नेली, पण भिंतीचा पोपडाही पडू दिला नाही.

आणि त्याचा डोळा! मशीन जागेवर आलं की पिंप जरा मागे सरे, एक डोळा मिटे आणि म्हणे, "बसलं." मग त्याचा मेहुणा सपाटी तपासायची पाणसळ आणून मशीनवर ठेवी. पाणसळीच्या काचेतला बुडबुडा बरोब्बर मधोमध उभा राही आणि टोळी शिट्ट्या मारी. पाणसळ ठेवायची ती खरं तर कारखान्याच्या मालकाच्या समाधानासाठी. सपाटी पिंपाच्या डोळ्यातच होती, आणि तो अभिमान त्याने उगाच बाळगला नव्हता, कमावला होता.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अर्धा पेला पोटात गेला की त्याचा चेहरा लालबुंद होई, छाती धडधडे. टोळीने त्याचं नाव टोमॅटो ठेवलं होतं. "याला नुसतं बूच हुंगवा, घरी उचलून न्यावा लागेल," असं म्हणून सगळे खिदळत. तो बिचारा सोडा पीत बसे.

काम संपलं की मालक जेवण आणि बाटल्या द्यायचे, असा रिवाज. पिंप सगळ्यांपेक्षा जास्त प्यायचा आणि मग टेंपोची किल्लीही तोच खिशातून काढायचा. कारण पिंपाला चढत नाही! टोमॅटोकडे लायसन्स होतं, पण जो एका घोटात लाल होतो त्याच्या हाती सगळ्यांचे जीव द्यायचे? छे! सोडा पिणारा मागे पहारींच्या शेजारी बसे आणि सगळ्यात जास्त प्यालेला स्टिअरिंग धरी. याला हसावं की रडावं?

रडायचं काम घरी पिंपाची बायको करत होती. "अहो, टेंपोचा आवाज ऐकू येईपर्यंत घास उतरत नाही माझा," ती म्हणायची. "माझा भाऊही त्याच गाडीत असतो."

"अगं, मला कधी झोकांड्या खाताना पाहिलंयस?" तो विचारायचा. पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती ताट वाढायला घ्यायची.

एक गोष्ट मात्र पिंपाने तिलाही सांगितली नव्हती. पूर्वी दोन पेल्यांत जी मजा यायची, त्या मजेला आता अख्खी बाटली लागायची. आणि सकाळी बुटाची नाडी बांधताना बोटं थरथरायची. एक घोट घेतला की थांबायची.

त्या दुपारी एका छापखान्यात मोठं यंत्र बसवून झालं. बुडबुडा मधोमध, शिट्ट्या, जेवण, बाटल्या. सामान आवरताना मालक म्हणाले, "आलाच आहात तर ते कागद कापायचं मशीन खिडकीपाशी सरकवता का?"

हातासरशी सरकवलं. पिंप मागे सरला, डोळा मिटला. "बसलं."

टोमॅटोने पाणसळ ठेवली. बुडबुडा खिडकीच्या बाजूला जाऊन चिकटला.

"पाणसळ बिघडली," एकजण म्हणाला. "पिंपाचा डोळा चुकणार होय!"

पाणसळ खोटी की खरी हे ओळखायची रीत सोपी असते. तिची टोकं अदलाबदल करायची. खोटी असेल तर बुडबुडा समोरच्या बाजूला पळतो. पिंपाने ती स्वतःच्या हाताने फिरवली. बुडबुडा पुन्हा खिडकीकडेच गेला.

पिंप बघत राहिला. डोकं साफ होतं, जीभ सरळ होती, पाय जमिनीवर घट्ट होते. त्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आणि तरी डोळा चुकला होता. याच डोळ्याने आता अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी न्यायचं होतं.

मशीन त्याने मेहुण्याकडून पाणसळ लावून सरळ करून घेतलं. मग टेंपोपाशी येऊन किल्ली काढली आणि पुढे केली. "मेहुणे, तुम्ही चालवा."

"पिंपा, खुळा झालास का?" टोळीतला एकजण म्हणाला. "तुला कुठे चढते?"

"चढते रे," पिंप म्हणाला. "मला कळत नाही, एवढंच."

टोमॅटोने स्टिअरिंग धरलं, पिंप मागे पहारींच्या शेजारी बसला. रस्त्यात गाडी दोनदा बंद पडली, तरी कुणी टोमॅटोला टोमणा मारला नाही. दारात उभ्या बायकोला गिअरचा खरखराट अनोळखी वाटला. ती धावत रस्त्यावर आली. स्टिअरिंगवर भाऊ! नवरा कुठाय? तेवढ्यात मागची ताडपत्री उचलून पिंप खाली उतरला. तिने रस्त्यातच त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

मग दोघं दवाखान्यात गेली. किती पितो ते पिंपाने खरं सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यात फुशारकी नव्हती. सकाळच्या थरथरीचंही सांगून टाकलं.

"प्रत्येकाचं शरीर वेगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मेहुण्याच्या शरीराला दारू नीट पचवताच येत नाही, म्हणून ते लगेच आरडाओरडा करतं. त्यांनी पिऊच नये. तुमच्या मेंदूला सवय झालीय, म्हणून तो ओरडत नाही. पण नजर मंदावते ती मंदावतेच, आणि यकृताला सवय बिवय होत नाही. ते मुकाट्याने खराब होतं. आणि हो, मर्दुमकी दाखवायला एकदम सोडू नका. झटके येतील. औषधं घेत, माझ्या देखरेखीखाली सोडायची."

तशी सोडली. सोपं नव्हतं. घामाने अंथरूण भिजायचं, चिडचिड व्हायची, आणि टोळीतलं कुणी ना कुणी रोज त्याच्याशी पत्ते खेळायला यायचं. पण गडी मागे हटला नाही. अशी मशिनं त्याने बरीच हलवली होती, पण हे सगळ्यात जड होतं.

पुढे बायकोच्या माहेरच्या लग्नात तिच्या मामांनी भरला पेला पिंपापुढे धरला. "घ्या जावईबापू! तुम्हाला काय, चढतच नाही!"

पिंप तोंड उघडणार एवढ्यात बायको पुढे झाली. नवऱ्याला बढती मिळाल्याचं सांगावं तशी, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "चढते हो मामा! आमच्या ह्यांना चढते!"