प्रेमदास शिंप्याचं एकच नाटक

वडनेरच्या पुढे दोन कोसांवर आमचं गाव. मी तिथे शाळेत मास्तर होतो आणि शाळेसमोरच्या निंबाखाली प्रेमदास शिंप्याचं मशीन असायचं. चौथी शिकलेला, बोलायला कमी. लिहिता येणारी माणसं गावात मोजकीच, त्यामुळे ठाण्याचे लोक पंचनाम्याला आले की पहिलं बोलावणं त्याला. साप चावलेला गुराखी, झाडावरून पडलेला म्हातारा. तो जायचा, पाहायचा, सही करायचा आणि परत येऊन मशीनवर बसायचा.

१९५३ च्या उन्हाळ्यात बापूजींच्या परसातल्या विहिरीतून त्यांच्या सुनेचं प्रेत काढलं. बापूजी म्हणजे गावातले मोठे व्यापारी. शाळेच्या कौलांपासून पोळ्याच्या तोरणापर्यंत सगळीकडे त्यांचा हात. सून रुख्मिणी, एकोणीस वर्षांची, आष्टीकडची. बाप नव्हता, एकटी आई होती, भागाबाई. पंचनाम्यात लिहिलं गेलं : पाणी काढताना पाय घसरला, अंगावरचे कपडे सुस्थितीत. प्रेमदासनं खाली सही केली.

पण पोलक्याची उजवी बाही खांद्यापासून उसवलेली होती. ते पोलकं त्यानंच महिन्याभरापूर्वी दुहेरी टाका घालून शिवलं होतं. ती शिवण पाण्यानं सुटणार नव्हती. कुणीतरी जोरानं ओढल्याशिवाय नाहीच. त्यानं पंचनाम्याला आलेल्या जमादाराकडे पाहिलं. जमादार ओसरीवर बापूजींच्या शेजारी चहा पीत होता. प्रेमदासनं सहीसाठी टाक हातात घेतला. हे सगळं मला फार नंतर कळलं.

गावात आमचं एक नाटक मंडळ होतं. त्या दिवसांत सगळ्यांना गुप्तहेराच्या गोष्टींचं वेड. छप्पन साली तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काय करायचं अशी चर्चा चालली असताना प्रेमदास म्हणाला, "औंदा मी लिवतो." लोक हसले. पंधरा दिवसांनी त्यानं भरलेली वही माझ्यापुढे ठेवली. गुप्तहेर मी व्हायचं ठरलं; कोटही त्यानंच शिवला.

गोष्ट साधीच होती. दूरच्या शहरात एका शेठची सून विहिरीत सापडते आणि गुप्तहेर तपास करतो. पण त्याची भाषा मला विचित्र वाटली. पूर्ण नाटकात 'खून' हा शब्द कुठेच नव्हता. शेठच्या हसण्याला गुप्तहेर कुलूप म्हणायचा. शेजाऱ्यांच्या गप्प बसण्याला तो कफन म्हणायचा, साऱ्या गावानं मिळून विणलेलं. आणि शेवटी म्हणायचा, 'विहिरीनं फक्त तोंड उघडलं, दात घराचे होते.'

मी तालमीत म्हटलं, "प्रेमदास, घराला कुठे दात असतात? सरळ लिही ना, की सासऱ्यानं मारलं."

"सरळ म्हनाची हिंमत असती मास्तर, तर नाटक काऊन लिवलं असतं?" तो म्हणाला. नवा लेखक लाजतोय, एवढंच मला वाटलं.

त्या वर्षी गॅसबत्ती मिळाली नाही, म्हणून नाटक दुपारीच शाळेच्या अंगणात झालं. बापूजी पुढच्या खुर्चीवर. बायकांच्या बाजूला मला एक अनोळखी म्हातारी दिसली. ती भागाबाई होती; प्रेमदासनं पोस्टकार्ड टाकून तिला बोलावून घेतलं होतं.

पहिल्या दोन अंकांना टाळ्या पडल्या. तिसऱ्यात गुप्तहेर उसवलेली बाही हातात धरून विहिरीपाशी उभा राहतो, तेव्हा लोकांची चुळबूळ थांबली. मी वाक्य म्हटलं, "विहिरीनं फक्त तोंड उघडलं, दात घराचे होते." बापूजींच्या विहिरीकडे त्या अंगणातून सरळ वाट जात होती, आणि दोघातिघांच्या माना त्या बाजूला वळलेल्या मी पाहिल्या.

म्हातारी उठली. "कोनाचं घर?" तिनं मला विचारलं. "नाव घे नं!"

पडद्यामागून प्रेमदास बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "माय, बापूजीचं. तुह्या पोरीची बाही खांद्यापासून उसवली होती. मी डोयानं पायली, अन् कपडे बरोबर हायेत म्हनून सही केली."

"तवापासून तुले मालूम होतं?"

"हो."

"तीन वर्स!" ती म्हणाली. "तीन वर्स तू लोकायचे कपडे शिवत बसला?"

बापूजी शांतपणे उठले आणि निघून गेले. त्यांच्यामागे अर्धं अंगण रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी प्रेमदास ठाण्यात गेला. मी सोबत होतो. जमादार तोच. तो हसत म्हणाला, "घराले दात हायेत म्हनतोस? मंग काय घराले बेड्या ठोकू?" प्रेमदासनं या वेळी सगळं सरळ लिहून आणलं होतं. जमादारानं कागद वाचला आणि त्याचं हसणं गेलं. "प्रेत जयलं, पोलकं जयलं. राह्यलं काय? तुही खोटी सही. आत तूच जाशीन."

तसंच झालं. बापूजींवर काहीच शाबीत होण्यासारखं नव्हतं. खोट्या सहीबद्दल प्रेमदासला तीन महिने झाले. मी बदलीच्या भीतीनं त्याच्या बाजूनं साक्षीला गेलो नाही.

सुटून आला तेव्हा निंबाखाली दुसरा शिंपी बसला होता. प्रेमदास मशीन घेऊन पुलगावला गेला आणि मिलमधल्या कामगारांचे कपडे शिवू लागला. तिथेच वर्षभरानं त्याच्या कानावर आलं की बापूजींच्या मुलाची, रुख्मिणीच्या नवऱ्याची, सोयरीक आमच्या गावातल्याच रूपराव नावाच्या माणसाच्या मुलीशी ठरली आहे. तो आष्टीकडे जाऊन भागाबाईला घेऊन आला. सगळ्या वाटेत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

रूपरावांच्या दारात त्यानं सांगितलं, "मी त्या पोरीच्या पंचनाम्याले पंच होतो. तिले घरात कोनीतरी ओढलं होतं. मी खोटी सही केली, जेल भोगली. तुमची पोरगी तिथं देऊ नका." रूपरावांनी भागाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माही होती ते."

सोयरीक मोडली.

सहा महिन्यांनी बापूजींच्या मुलाचं लग्न झालंच, कुठे तरी बैतूलच्या पलीकडे. गावातलं कोणी वऱ्हाडात नव्हतं. भागाबाई एकोणसाठच्या थंडीत गेली. प्रेमदासला ते महिन्याभरानं कळलं.

त्यानंतर पुलगावला मी त्याला भेटलो. मशीनवर खाकी पँट होती. ख्यालीखुशाली न विचारताच तो म्हणाला, "मास्तर, त्या नव्या सुनेचं माहेर कोनतं, समजलं का तुमाले? कार्ड टाकाचं होतं."

मला माहीत नव्हतं. ती घराबाहेर फारशी दिसत नाही, एवढंच मी सांगू शकलो.