औषध न लागलेले जंत

माझ्या नणंदेने एकदा घरच्या फ्रीजमध्ये थोडी जागा मागितली. प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला होता आणि तिचे डबे दुसऱ्या दिवसापर्यंत थंड ठेवायचे होते. सासूबाई दुधाचं पातेलं बाजूला सरकवत म्हणाल्या, “ठेव की. कसले डबे आहेत?”

“विष्ठेचे नमुने,” ती म्हणाली.

सासूबाईंनी पातेलं तिथेच सोडलं आणि त्या तडक बेसिनकडे धावल्या. त्यानंतर आठवडाभर त्या फ्रीजमधलं काही खाईनात. डबे अर्थातच फ्रीजमध्ये गेले नाहीत. बर्फ भरलेल्या पेटीत घालून तिने ते गच्चीवर ठेवले आणि दर दोन-तीन तासांनी वर जाऊन बर्फ बदलत राहिली.

आम्ही दोघी साधारण एकाच वयाच्या. तिला नावाने हाक मारायचे, पण चिडवायचं असलं की ‘वन्सं’ म्हणायचे, आणि पुढे तेच तोंडात बसलं. लग्न मोडून वन्सं माहेरी आली तेव्हा रक्त तपासायच्या दुकानवजा लॅबमध्ये नोकरी करत होती. दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं. मग एक दिवस तिने जाहीर केलं की ती पीएचडी करणार, जीनोमिक्समध्ये. म्हणजे एखाद्या जीवाच्या पेशीत त्याची सगळी घडण लिहिलेली असते, ती अक्षर न् अक्षर वाचून काढायची. सासऱ्यांना फक्त ‘डॉक्टर’ एवढंच ऐकू आलं. “आमची मुलगी डॉक्टर होतेय,” ते दिसेल त्याला सांगायचे. कशाची, असं कोणी विचारलं की जरा अडखळायचे आणि म्हणायचे, “जीवांची.” एकदा खालच्या मजल्यावरचे आजोबा गुडघा दाखवायला आले, तर वन्संने तोही हसत हसत दाबून बघितला.

तिच्या वाट्याला जीव आला होता तो जंत, माणसाच्या पोटातला. तिच्या गाईड बाईंना सगळे मॅडम म्हणत. अतिशय स्वच्छ बाई. टेबलावर हाताला लावायच्या क्रीमची बाटली असायची, आणि बोलता बोलता त्या सतत हात चोळत असायच्या. मी एकदाच त्यांच्या खोलीत गेले होते. गुलाबासारखा गोड, जाडसर वास. मला पहिल्या मिनिटाला बरा वाटला आणि दहाव्या मिनिटाला डोकं चढलं.

मॅडमना हवे होते औषध न लागलेले जंत. शहरातल्या माणसांनी कधी ना कधी जंताची गोळी घेतलेली असते, त्यामुळे त्यांच्या पोटातले जंत बदललेले असतात, असं त्यांचं म्हणणं. पण गावाबाहेर दगडाच्या खाणी होत्या. तिथे काम करणारी माणसं कुठून कुठून आलेली, पत्र्याच्या झोपड्यांत राहणारी. त्यांच्यापर्यंत दवाखाना कधी पोचलाच नव्हता. मॅडम त्या वस्तीला ‘आपलं सोनं’ म्हणायच्या. त्याच माणसांचे नमुने एकदा घ्यायचे, वर्षभराने पुन्हा घ्यायचे, आणि जंत आपसूक कसे बदलले ते वाचायचं. यावर वन्संचा प्रबंध उभा राहणार होता.

एकदा तिच्यासोबत जाणारा सहकारी आजारी पडला, म्हणून ती मला घेऊन गेली. “तू फक्त डब्यांवर नंबर घाल. बाकी मी बघते.”

उतरल्याबरोबर वास आला. दगडाच्या पांढऱ्या धुरळ्यात कुजका, आंबूस वास मिसळलेला. झोपड्यांमागे दगडांचे ढीग होते, आणि सगळी वस्ती त्या ढिगांमागेच उरकायची. तिथूनच ओघळ येऊन पाण्याच्या पिंपांजवळ साचला होता. वर माश्या घोंगावत होत्या, आणि त्याच ओघळात पाय बुडवून दोन पोरं दगड दगड खेळत होती. मी नाकाला रुमाल लावला. वन्संने लावला नव्हता. बायका डबे घेऊन येत होत्या, लाजत होत्या, आणि ती प्रत्येकीला म्हणत होती, “छान, ठेवा इथे.”

तिथे एक लहान मुलगी होती. पोट एवढं फुगलेलं, आणि हातपाय काटकुळे. सगळे तिला मडकी म्हणायचे. तीही त्याच नावाला ओ द्यायची. ती आईच्या मांडीवर बसली होती, तेवढ्यात तिला उबळ आली. खोकता खोकता तिचे डोळे पांढरे झाले आणि तोंडातून काहीतरी पांढरट, जाड दोऱ्यासारखं बाहेर आलं. ते हलत होतं. आईने ते चिमटीत धरून ओढून काढलं, जमिनीवर टाकलं आणि हात पदराला पुसला. रोजचं काम असावं, तसं.

मी मागे जाऊन दगडांच्या आड ओकले. परत आले तर वन्सं गुडघ्यावर बसली होती. हातात चिमटा होता आणि तो जंत ती नळीत घालत होती. अगदी अलगद, तुटू न देता. मडकी आईच्या कुशीत रडत होती.

“बाई,” मडकीची आई म्हणाली, “औषध कधी येणार? मागच्या वेळी त्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, तपासणी झाली की गोळ्या देऊ.”

वन्संने नळीचं झाकण लावलं. “देतील. विचारते मी.”

परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिकडेच बघत म्हणाली, “पोरगी गुदमरत होती आणि मी आधी चिमटा काढला. तू बघितलंस ना?”

मी बघितलं होतं. नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना विचारलं. हे सगळं तिने मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं, एकेक शब्द जसाच्या तसा.

“मॅडम, खाणीवरच्या लोकांना गोळ्या कधी द्यायच्या?”

“देऊ ना. दुसरी फेरी झाली की.”

“ती वर्षाने आहे.”

“बरोबर. आत्ता गोळ्या दिल्या तर जंत मरतील. मग दुसऱ्या फेरीत वाचणार काय आपण?” मॅडम हसल्या. “अगं, हे जंत त्यांच्या पोटात वर्षानुवर्षं आहेत. एका वर्षाने काय बिघडणार आहे?”

“एका मुलीच्या तोंडातून बाहेर आला काल.”

“घेतलास ना तो? छान. पूर्ण वाढलेला मिळणं कठीण असतं.”

मग मॅडमनी क्रीमची बाटली पुढे केली. “हात कोरडे पडलेत तुझे. लाव.”

वन्संने क्रीम घेतलं नाही. ती सामानाच्या खोलीत गेली. तिथल्या कपाटात गोळ्यांची खोकी रचलेली होती. एका कंपनीने याच प्रकल्पासाठी फुकट पाठवली होती आणि मॅडमनी ती मागे लोटून त्यांच्यापुढे हातमोज्यांचे गठ्ठे लावले होते. तिथून ती सहकाऱ्यांकडे गेली. ती धरून चौघं एकाच टेबलावर जेवायचे. तिने सगळं सांगितलं. एकाने मान डोलावली आणि म्हणाला, “वाईट आहे, पण माझा प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे.” दुसरी म्हणाली, “तू फार मनाला लावून घेतेस.” तिसऱ्याने डब्यातून मान वर काढली नाही.

“खात होते गं सगळे,” वन्सं मला म्हणाली. “मी त्या पोरीच्या घशातल्या जंताबद्दल बोलत होते आणि ते चावत होते, गिळत होते. आमच्या कामात तशी सवय लागते, मीही जेवलेय तसं. पण आज मला त्यांच्या तोंडांकडे बघवेना.”

“मग आता?”

“आता काय. माझा प्रबंधही त्याच पोटांवर उभा आहे.”

दोन-तीन दिवस ती धड जेवली नाही. सासूबाईंना वाटलं, लॅबमधून काहीतरी घेऊन आली. तिची ताटवाटी वेगळी ठेवली. मग एका सकाळी ती लवकर गेली, कपाटातली खोकी दोन पिशव्यांत भरली आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना जाऊन भेटली. नर्सबाई तोंडाने फटकळ. म्हणाल्या, “एवढे दिवस काय करत होता? त्यांच्या हगण्याची आरती ओवाळत होता?” पण लगेच बरोबर निघाल्या. लहानांना किती, पोटुशा बायकांना द्यायची की नाही, हे सगळं त्यांनीच पाहिलं. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या एकूण एक माणसाला गोळी मिळाली.

वन्सं तिथून थेट मॅडमकडे गेली आणि म्हणाली, “मी गोळ्या दिल्या. सगळ्यांना.”

मॅडम रागावल्या नाहीत. हातावर हात चोळत म्हणाल्या, “स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. जा घरी. विचार करू.”

वन्संने संस्थेच्या नीतिसमितीकडे तक्रार केली. समितीतले तिघं मॅडमबरोबर चहा पिणारे. महिन्याभराने उत्तर आलं की, औषध देण्याच्या वेळापत्रकाबाबत थोडा गैरसमज झालेला दिसतो, पुढे काळजी घ्यावी. काळजी कोणी घ्यावी, ते लिहिलं नव्हतं. सासरे ते वाचून म्हणाले, “म्हणजे आपण जिंकलो का?”

खरी शिसारी यायची होती ती पुढेच.

काही महिन्यांनी मॅडमनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा खुलला होता. वस्तीतल्या लोकांना पुन्हा तपासलं होतं. गोळीतून जे थोडे जंत तगले होते, ते त्यांनी वाचायला घेतले होते. औषधाला कोण दाद देत नाही आणि का, हे त्यातून दिसत होतं. “तू जे केलंस ना, त्याने काम उलट मोठं झालं,” मॅडम म्हणाल्या. “मी असं मांडलंय की, उपचार हा पहिल्यापासून आपल्या योजनेचाच भाग होता. माणुसकीही झाली आणि विज्ञानही झालं. पेपरवर तुझं नाव पहिलं टाकलंय. प्रबंध सहा महिन्यांत उरकेल.”

वन्सं म्हणाली, “पहिल्यापासून?”

“शब्दांत काय अडकतेस? गोळ्या दिल्या की नाही दिल्या?”

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, मध्ये बोलला. “घे पदवी. काम तर तूच केलंस. गोळ्या पण तूच दिल्यास. त्या बाईच्या थापेने तुझं खरं खोटं होत नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “चार वर्षं पाण्यात घालणार का?”

वन्सं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “तुला घशाखाली उतरेल का ते?”

“नाही उतरणार,” ती म्हणाली. “तो कागद हातात घेतला की ओकारी येईल मला. आयुष्यभर.”

तिने पेपरवरून नाव काढून घेतलं आणि संस्था सोडली. मॅडमनी पेपर छापला, त्यावर बक्षीस घेतलं आणि भाषणात वंचितांच्या आरोग्यावर बोलल्या. ते भाषण वन्संला कोणीतरी फोनवर पाठवलं. तिने ते अर्ध्यावर बंद केलं आणि फोन फडक्याने पुसून ठेवला. तेवढंच.

पुढे दुसऱ्या विद्यापीठात एक म्हातारे, किरकिरे सर भेटले. ते बटाट्याच्या मुळांत शिरणाऱ्या सूत्रकृमींवर, म्हणजे जंतांच्याच जातीतल्या बारीक जीवांवर, काम करत. वन्संने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा प्रवेशपरीक्षा, पुन्हा नमुने. या वेळी मातीचे, तेव्हा सासूबाईंनी फ्रीजचा खालचा कप्पा आपणहून मोकळा करून दिला. सर तिच्यावर ओरडायचे, तिच्या मसुद्यावर लाल रेघा मारायचे, पण जे दिसलं नाही ते लिहू द्यायचे नाहीत. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तेव्हा पदवी मिळाली. सासरे पेढ्याऐवजी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना बटाटे देऊन आले आणि स्वतःच्या विनोदावर दिवसभर हसत होते. वन्संसुद्धा हसली. आता ती कॉलेजात शिकवते.

पदवीनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी खाणीवर गेलो. तिथे कोणी नव्हतं. खाण बंद झाली होती, पत्रे काढून नेले होते, आणि दगडांच्या ढिगांवर गवत उगवलं होतं. रस्त्यावरच्या टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “गेले कुठे कुठे. दुसरी खाण लागली असेल.”

“एक लहान मुलगी होती. पोट फुगलेली. मडकी म्हणायचे.”

“अशा बऱ्याच होत्या,” तो म्हणाला.

मग आम्ही बस पकडली. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, “ती गोळी एकदा देऊन भागत नाही गं. वर्षातून दोनदा द्यावी लागते. त्या घाणीत पुन्हा होतातच जंत. मला हे तेव्हाही माहीत होतं.”